बँक आधी की बरकत आधी?

माझ्या आजोळच्या गावात बँक आली तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. १९८५च्या आसपासची ही गोष्ट. ग्रामपंचायतीला लागून भाड्याच्या दोन खोल्या, एक लोखंडी तिजोरी, लाकडी काउंटरवर तारेची जाळी आणि तीन माणसांचा नोकरवर्ग, एवढाच तिचा पसारा होता. पुढच्या चार-पाच वर्षांत गावात पिठाची दुसरी गिरणी सुरू झाली, शिंप्याचे दुकान आले, सायकलदुरुस्तीचे आले, दोघा-तिघांनी दुधाचा धंदा वाढवला. आजोबा म्हणायचे, बँक आली म्हणून गावाला बरकत आली. मामाचे म्हणणे नेमके उलटे. त्याच्या मते डांबरी सडक झाली, एसटीच्या फेऱ्या वाढल्या, विहिरींवर विजेच्या मोटारी बसल्या आणि गावात पैसा खुळखुळू लागला. तो दिसल्यावर बँक आली. दर मे महिन्यात हा वाद एकदा तरी व्हायचा आणि जेवणाची पाने मांडली की थांबायचा.

यात वाद घालण्यासारखे काय आहे, मोजून पाहिले की झाले, असे मला तेव्हा वाटे. आता प्रयोगशाळेत वीस-बावीस वर्षे काढल्यावर कळते की नुसत्या मोजण्याने हा वाद मिटणार नव्हता. बँकेच्या शाखा आणि लोकांची मिळकत दोन्ही बरोबरीने वाढलेल्या दिसतील, हे आजोबांचे खरे असले तरी घडेल आणि मामाचे खरे असले तरी घडेल. आकडे तेच राहतात, बाणाची दिशा तेवढी उलटते.

आपण वर्गात मुलांकडून दोन कुंड्यांचा प्रयोग करून घेतो. माती सारखी, बी सारखे, पाणी आणि ऊन सारखे; एका कुंडीत खत घालायचे, दुसरीत नाही. तीन आठवड्यांनी रोपांच्या उंचीत फरक दिसला तर तो खताचा, असे आपण म्हणतो, कारण बाकी सगळे सारखे ठेवलेले असते. गावे म्हणजे कुंड्या नव्हेत. बँकेचा अधिकारी शाखेसाठी गाव निवडतो तो डोळे मिटून नव्हे. जिथे धंदा होईल, ठेवी मिळतील, कर्ज फिटेल अशी जागा तो पाहतो. म्हणजे खत मुळात त्याच कुंडीत पडते, जिथले रोप जोमदार असते. मग खताचा गुण किती आणि रोपाचा किती, हे कसे ठरवायचे?

अर्थशास्त्रातील विधाने गणिती समीकरणांच्या रूपात मांडून प्रत्यक्ष आकडेवारीवर ताडून पाहणाऱ्या शास्त्राला अर्थमिती म्हणतात. या शास्त्राचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी याच एका प्रश्नाशी घेतलेल्या झटापटीचा इतिहास आहे. आपल्या देशातल्या बँकांनी त्यात एक प्रकरण जोडले आहे. तिथपर्यंत जाण्यापूर्वी थोडे मागे जाऊ.

लोखंडाचा उफराटा नियम

१९१४ साली अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक हेन्री लडवेल मूर यांनी एक नवाच शोध जाहीर केला. वस्तू महागली की तिची मागणी घटते, हा अर्थशास्त्रातला बाळबोध नियम. मूर यांनी अनेक वर्षांच्या भट्टीतल्या कच्च्या लोखंडाच्या किमती आणि खपाचे आकडे घेतले, त्यांतून रेषा काढली, तर ती चढती निघाली. किंमत वाढली की खप वाढतो! मूर यांनी हा मागणीचा एक नवा प्रकार असल्याचे लिहून टाकले.

चूक कुठे झाली ते आपल्याकडच्या कांद्यावरून सहज समजेल. एखाद्या वर्षी अवकाळी पावसाने कांदा सडला तर बाजारात आवक कमी होते आणि भाव चढतो. पुढच्या वर्षी पीक चांगले आले की आवक वाढते, भाव पडतो. खाणाऱ्यांची आवड दोन्ही वर्षी तीच आहे, पुरवठा तेवढा मागे-पुढे झाला. अशा वर्षांचे बिंदू आलेखावर मांडले तर मागणीची उतरती रेषा मिळते. आता उलट कल्पना करा. पीक दरवर्षी सारखेच, पण एका वर्षी निर्यात खुली झाली आणि गिऱ्हाइके वाढली. भाव चढला, आणि चढ्या भावामुळे व्यापाऱ्यांनी साठवलेला माल बाहेर काढला. भावही जास्त, विक्रीही जास्त. या वर्षांचे बिंदू जोडले तर चढती रेषा मिळेल, पण ती पुरवठ्याची. लोखंडाचे तसेच होते. तेजीच्या वर्षांत रेल्वे आणि कारखाने लोखंड मागत, मंदीत मागणी आटे. मूर यांच्या हाती लागली होती ती बहुतांशी पुरवठ्याची रेषा, आणि तिला त्यांनी मागणी असे नाव दिले होते.

(मूर हा विलक्षण कष्टाळू माणूस होता आणि थोडा विक्षिप्तही. पुढे १९२३मध्ये त्यांनी अर्थव्यवस्थेतल्या आठ वर्षांच्या तेजी-मंदीचा संबंध शुक्र या ग्रहाशी जोडला. आकड्यांत आठ वर्षांचे आवर्तन दिसले, आकाशातही एक सापडले, मग दोन्हींची गाठ मारायला किती वेळ! ग्रहांवर भाव सांगणारे आपल्याकडेच असतात असे नाही.)

१९२७मध्ये एल्मर वर्किंग यांनी ही अडचण स्वच्छ मांडली. बाजारातला प्रत्येक आकडा म्हणजे मागणी आणि पुरवठा या दोन रेषांचा छेदनबिंदू असतो. दोन्ही रेषा एकाच वेळी हलत असतील तर बिंदूंचा नुसता ढग तयार होतो. त्या ढगातून कितीही काळजीपूर्वक रेषा काढली तरी ती कशाची आहे हे सांगता येत नाही. जास्त आकडे गोळा करूनही उपयोग नाही, ढग तेवढा दाट होईल.

जवस, पाऊस आणि गिनिपिग

या कोंडीतून बाहेर पडण्याची पहिली वाट सापडली ती एका अगदी रुक्ष पुस्तकाच्या परिशिष्टात. फिलिप राइट यांनी प्राणिज आणि वनस्पतिज तेलांवरील आयात जकातीवर १९२८मध्ये एक ग्रंथ लिहिला. त्याच्या ‘ब’ परिशिष्टात लोणी आणि जवस यांची मागणी व पुरवठा वेगवेगळा कसा काढायचा याची युक्ती आहे. युक्ती अशी. जवसाच्या पुरवठ्यावर परिणाम करणारी, पण जवसाच्या मागणीशी काहीही देणेघेणे नसलेली एखादी गोष्ट शोधा. समजा, पाऊसमान. पाऊस कमी झाला तर पीक कमी येईल, पण रंगवाल्याला रंगासाठी लागणारे जवसाचे तेल पावसावर ठरत नाही. मग किमतीतल्या सगळ्या चढउतारांकडे पाहूच नका. जेवढा चढउतार पावसामुळे झाला तेवढाच वेगळा काढा आणि त्याचा खपाशी संबंध पाहा. पाऊस येथे प्रयोगकर्त्याची भूमिका बजावतो. पुरवठ्याची रेषा तो हलवतो, मागणीची रेषा जागेवर राहते. अशा बाहेरच्या कारणाला पुढे साधन-चल हे नाव पडले.

फिलिप यांचा मुलगा सेवल राइट म्हणजे लोकसंख्या-आनुवंशशास्त्राच्या संस्थापकांपैकी एक. गिनिपिगांच्या पिढ्यान्‌पिढ्या वाढवून त्यांच्या अंगावरच्या ठिपक्यांत आनुवंशिकतेचा वाटा किती आणि बाकी गोष्टींचा किती, हे वेगळे करण्यासाठी त्याने कारणांच्या बाणांची आकृती काढून गुणांक काढण्याची रीत बसवली होती. परिशिष्टात तीही रीत वापरलेली असल्याने ते बापाने लिहिले की मुलाने, हा वाद बरीच वर्षे चालला. २००३मध्ये जेम्स स्टॉक आणि फ्रान्चेस्को ट्रेबी यांनी दोघांच्या लेखनातल्या शब्दांच्या लकबी संख्याशास्त्राने तपासल्या; कौल वडिलांच्या बाजूने पडला. वडील-मुलाच्या पत्रव्यवहारातून अर्थशास्त्र आणि जीवशास्त्र असे एकमेकांना भेटले, याची मला फार गंमत वाटते. दुर्दैवाने जकातीच्या पुस्तकाचे परिशिष्ट कोण वाचतो? अर्थतज्ज्ञांनी ते जवळजवळ विसरूनच टाकले.

सत्तर भाषांतरकारांचा प्रश्न

यानंतरचे मोठे नाव यान टिनबर्गेन. हा डच गृहस्थ मूळचा भौतिकशास्त्रज्ञ, लायडनला पॉल एरेनफेस्ट यांचा विद्यार्थी. १९३६मध्ये त्यांनी हॉलंडच्या अर्थव्यवस्थेचे चोवीस समीकरणांचे प्रारूप मांडले. संपूर्ण देशाची अर्थव्यवस्था समीकरणांत बसवण्याचा हा पहिला गंभीर प्रयत्न. मग राष्ट्रसंघाने त्यांच्यावर तेजी-मंदीच्या सिद्धांतांची आकड्यांवर परीक्षा घेण्याचे काम सोपवले. १९३९मध्ये निघालेल्या दोन खंडांपैकी दुसऱ्यात १९१९ ते १९३२ या काळातील अमेरिकेचे सुमारे पन्नास समीकरणांचे प्रारूप आहे. त्यात व्याजदर, रोख्यांच्या आणि शेअरच्या किमती, चलनाचा पुरवठा, सगळे आहे. मंदीच्या काळात अमेरिकेतल्या हजारो बँका बुडाल्या होत्या, तेव्हा पैशाचा आणि उत्पादनाचा संबंध हा काही पुस्तकी प्रश्न उरलेला नव्हता.

या कामावर सर्वांत कडक टीका केली ती जॉन मेनार्ड केन्स यांनी. त्यांचे आक्षेप आजही शिकवण्यासारखे आहेत. सगळी महत्त्वाची कारणे यादीत आली आहेत याची खात्री काय? जी मोजता येत नाहीत, उदाहरणार्थ धंदेवाल्यांचा विश्वास, त्यांचे काय? आणि ज्याला आपण परिणाम म्हणतो तोच उलटून कारणावर परिणाम करत असेल तर? पुढच्या वर्षी टिनबर्गेन यांच्या उत्तरावर लिहिताना केन्स यांनी एक जुनी आख्यायिका आठवली. हिब्रू धर्मग्रंथाचे ग्रीक भाषांतर करायला सत्तर विद्वानांना सत्तर वेगळ्या खोल्यांत कोंडले आणि सगळे जण शब्दशः एकच भाषांतर घेऊन बाहेर आले. सत्तर आकडेतज्ज्ञांना एकच आकडेवारी देऊन असे कोंडले तर हा चमत्कार घडेल काय, असा त्यांचा खोचक सवाल होता. माझ्या मते केन्स यांचे आक्षेप जवळजवळ सगळे बरोबर होते, आणि तरीही टिनबर्गेन यांनी थांबायला हवे होते हा त्यांतून निघणारा निष्कर्ष चूक होता. १९६९मध्ये अर्थशास्त्राचे पहिले नोबेल स्मृती पारितोषिक रॅग्नर फ्रिश यांच्याबरोबर टिनबर्गेन यांनाच मिळाले.

परिणाम उलटून कारणावर येतो, या आक्षेपाला नीट गणिती उत्तर दिले ते नॉर्वेच्या ट्रिग्वे होवेल्मो यांनी. महायुद्धाच्या काळात अमेरिकेत असताना १९४३-४४मध्ये त्यांनी दाखवून दिले की, गोष्टी एकमेकींवर अवलंबून असतील तर एकेक समीकरण सुटे घेऊन आकड्यांना जुळवले की उत्तर हमखास बिघडते. सगळी समीकरणे एकत्र मांडावी लागतात, आणि प्रत्येकात निदान एखादी अशी गोष्ट लागते जी बाहेरून येते. राइट यांचा पाऊस येथे दुसऱ्या दाराने परत आला. होवेल्मो यांना १९८९मध्ये नोबेल मिळाले. दरम्यान संगणक आले, समीकरणांची संख्या शेकड्यांत गेली, मध्यवर्ती बँका अशी प्रारूपे बाळगू लागल्या. त्या वाढीची कहाणी येथे सोडून देतो, कारण आपला प्रश्न समीकरणे वाढल्याने सुटत नाही. बाहेरून येणारा पाऊस कुठून आणायचा, हाच तो प्रश्न.

एकाला चार

आता आपल्या देशाकडे येऊ. खेड्यात कर्ज कोण देते, याची देशव्यापी मोजणी रिझर्व्ह बँकेने १९५१-५२मध्ये केली. ७५ जिल्ह्यांतली ६०० खेडी निवडून घरोघर माहिती घेतली गेली. ए. डी. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालील समितीत पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ होते. १९५४च्या अहवालातले आकडे पाहा: शेतकऱ्याने घेतलेल्या दर १०० रुपये कर्जापैकी ४४ रुपये ८० पैसे धंदेवाईक सावकाराचे, २४ रुपये ९० पैसे शेती करणाऱ्या सावकाराचे, १४ रुपये २० पैसे नातेवाइकांचे. सहकारी संस्थांचे ३ रुपये १० पैसे. व्यापारी बँकांचे ९० पैसे. (अहवालात ही टक्केवारी आहे, रुपये-पैसे मी केले.)

१९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्या वेळी देशात व्यापारी बँकांच्या ८,२६२ शाखा होत्या, त्यांपैकी ग्रामीण १,८३३. यानंतर शाखा झपाट्याने वाढल्या, पण बँका साहजिकच सोयीच्या जागी आधी जात. म्हणून १९७७मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम केला: जिथे आधीच बँक आहे अशा ठिकाणी एक नवी शाखा उघडायची परवानगी हवी असेल, तर जिथे एकही बँक नाही अशा चार ठिकाणी शाखा उघडा. मुंबई-पुण्यात एक, तर चार कुठल्या तरी आडगावात. हा नियम १९९०पर्यंत राहिला. १९६९ ते १९९० या काळात पूर्वी बँक नसलेल्या सुमारे ३० हजार ग्रामीण ठिकाणी शाखा उघडल्या गेल्या. दर शाखेमागची सरासरी लोकसंख्या ६५ हजारांवरून १४ हजारांच्या आसपास आली.

याचा गरिबांना उपयोग झाला का? शाखा वाढल्या आणि ग्रामीण दारिद्र्य घटले, हे दोन्ही खरे. पण आजोबा-मामांचा वाद येथेही उभा राहतो. त्यातून आणखी एक गुंता असा की सरकार मुद्दाम मागास भागांत शाखा उघडायला लावत होते. मग नुसते आकडे जुळवले तर जिथे शाखा जास्त उघडल्या तिथे गरिबी जास्त, असेही दिसू शकते, आणि कुणी भोळा माणूस बँकांमुळे गरिबी वाढते असे म्हणून बसेल. दवाखान्यात आजारी माणसे जास्त दिसतात म्हणून दवाखाना आजार पसरवतो, असे म्हणण्यासारखेच ते.

रॉबिन बर्जेस आणि रोहिणी पांडे यांनी २००५मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात या नियमालाच पाऊस मानले. त्यांची रीत समजून घेण्यासारखी आहे. सोळा मोठी राज्ये आणि १९६१ ते २००० ही चाळीस वर्षे त्यांनी घेतली. १९६१मध्ये लोकसंख्येच्या मानाने कोणत्या राज्यात किती बँका होत्या, यावरून राज्यांची उतरंड लावली. तमिळनाडू, केरळ, महाराष्ट्र अशी राज्ये वर. बिहार, ओरिसा खाली. मग दरवर्षी बँक नसलेल्या किती खेड्यांना शाखा मिळाली ते पाहिले. १९७७पूर्वी वरची राज्ये पुढे होती. १९७७नंतर वारे फिरले आणि ज्या राज्यात मुळात बँका कमी, तिथे खेड्यांतल्या नव्या शाखा जास्त वेगाने उघडू लागल्या. कारण साधे होते, बँक नसलेली ठिकाणे तिथेच जास्त होती. १९९०मध्ये नियम गेला आणि वारे पुन्हा पूर्वीच्या दिशेला वळले. म्हणजे आलेखाला दोन कोपरे आले, एक १९७७मध्ये, दुसरा १९९०मध्ये.

आता दुसरा आलेख काढा, ग्रामीण दारिद्र्याचा. त्याचे आकडे राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणातून मिळतात. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पुढाकाराने १९५०मध्ये सुरू झालेली ही मोजणी नसती तर पुढचे काहीच शक्य झाले नसते. या दुसऱ्या आलेखालाही त्याच दोन वर्षी, पण उलट्या दिशेने कोपरे आहेत काय? बर्जेस आणि पांडे यांचे उत्तर ‘आहेत’ असे होते. मुळात बँका कमी असलेल्या राज्यांतले ग्रामीण दारिद्र्य इतरांच्या तुलनेत नियमाच्या काळात जास्त वेगाने घटले, आणि नियमाच्या आधी व नंतर तसे झाले नाही. सडका, वीज, साक्षरता, पाऊसपाणी, हरितक्रांती ही कारणेही दारिद्र्य घटवतात. पण ती नेमकी १९७७ला एकीकडे आणि १९९०ला दुसरीकडे वळण्याचे काही कारण दिसत नाही. युक्तिवादाचे सगळे बळ या दोन कोपऱ्यांत आहे. शिवाय त्यांनी एक उलटतपासणी घेतली. शाखा खेड्यांत उघडल्या, तेव्हा परिणाम खेड्यांत दिसावा. शहरी दारिद्र्याच्या आलेखात तसे कोपरे सापडले नाहीत.

निबंधातली मला सर्वांत अनपेक्षित वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. ग्रामीण बँका शेतीच्या नावाने उघडल्या गेल्या. वाढलेले दिसले ते शेतीबाहेरचे उत्पादन. पिठाची गिरणी, शिंप्याचे यंत्र, सायकलचे दुकान! आजोबा हे वाचून खूश झाले असते.

मामाची बाजू

पण मामालाही बोलू दिले पाहिजे. नियमाच्या काळात फक्त शाखाच वाढल्या असे नाही. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम याच वर्षांत सुरू झाला. म्हशीसाठी, शिलाई यंत्रासाठी अनुदानासह कर्ज मिळू लागले. मग श्रेय शाखेचे की अनुदानाचे? अरविंद पानगढिया यांनी २००६मध्ये लिहिलेल्या टिपणात आलेखातले ते कोपरे खरोखर एकाला चारच्या नियमामुळेच आले का, असा प्रश्न केला. अंजिनी कोचर यांनी २०११मध्ये उत्तर प्रदेशातली घरोघरची आकडेवारी घेऊन दाखवले की बँकेचा फायदा सगळ्यांना सारखा झाला नाही, जे आधीच बऱ्या स्थितीत होते त्यांना तो जास्त झाला. राज्याची सरासरी आणि घराची चूल यांत हे अंतर असतेच.

आणि या कर्जांचे पैसे परत किती आले? ग्रामीण कर्जांची थकबाकी भारी होती, हे बर्जेस आणि पांडे यांनीही लपवलेले नाही. कार्यक्रम गरिबांच्या उपयोगी पडला, एवढेच ते म्हणतात. त्यावर झालेल्या खर्चाच्या मानाने तो किफायतशीर होता असे म्हणत नाहीत. या दोन विधानांतले अंतर वर्तमानपत्री चर्चेत नेहमी हरवते. आमच्या गावात एकच म्हैस तीन वेगवेगळ्या गोठ्यांत बांधून तपासणीला आलेल्या साहेबांना दाखवल्याची गोष्ट सांगितली जाई. खरी की रचलेली ते देव जाणे, पण ऐकणारा हसायचा, कारण तसे घडणे त्याला अशक्य वाटत नसे.

कर्ज देणारा हात कोणाचा, हेही पाहायला हवे. शॉन कोल यांनी २००९मध्ये याचा शोध घेतला, आणि त्यांचा पाऊस म्हणजे निवडणुकीचे वेळापत्रक. विधानसभेची मुदत पाच वर्षांची. तेव्हा नियमित निवडणूक कोणत्या वर्षी येणार हे त्या वर्षीच्या पिकावर अवलंबून नसते. (मुदतपूर्व निवडणुका त्यांनी सावधपणे बाजूला ठेवल्या, कारण सरकार मुहूर्त पाहून निवडणूक घेऊ शकते.) सरकारी बँकांच्या शेतीकर्जाची वाढ निवडणुकीच्या वर्षी ५ ते १० टक्के-बिंदूंनी जास्त निघाली, आणि जिथे लढत चुरशीची तिथे ही वाढ अधिक. शेतीचे उत्पादन मात्र त्या वाढीव कर्जाने वाढल्याचे आढळले नाही.

म्हणजे एकाच बँकव्यवस्थेवरचे दोन निबंध दोन वेगळ्या गोष्टी सांगतात, आणि मला त्यांत विरोध दिसत नाही. पहिला विचारतो, बँक नसलेल्या गावी शाखा उघडल्याने काय होते. दुसरा विचारतो, शाखा उघडलेल्या ठिकाणी निवडणुकीसाठी जादा कर्ज ओतल्याने काय होते. प्रश्न वेगळे, उत्तरे वेगळी.

यातून रॉबर्ट लुकास यांनी १९७६मध्ये घेतलेला आक्षेपही समजतो. धोरण बदलले की माणसांचे अंदाज बदलतात, त्यामुळे जुन्या धोरणाच्या काळात काढलेले गुणांक नव्या धोरणाला लावता येत नाहीत. १९९०मध्ये केंद्र सरकारने दहा हजार रुपयांपर्यंतची ग्रामीण कर्जे माफ केली. त्यानंतर कर्ज घेणाऱ्याच्या मनात ‘पुन्हा कधी तरी माफी होईल’ हा विचार असणार, तो १९७७च्या आकड्यांत कुठून सापडेल? २००८मध्ये पुन्हा माफी झालीच.

अलीकडच्या संशोधकांना आणखी एक पाऊस मिळाला आहे, तोही रिझर्व्ह बँकेच्याच कागदातून. २००५मध्ये तिने ज्या जिल्ह्यांत दर शाखेमागे लोकसंख्या राष्ट्रीय सरासरीपेक्षा जास्त आहे, ते ‘अल्प-बँक’ जिल्हे ठरवले आणि तिथे शाखा उघडणाऱ्यांना झुकते माप दिले. सरासरीच्या जेमतेम वर असलेला जिल्हा यादीत आला, जेमतेम खाली असलेला राहिला. हे दोन जिल्हे इतर बाबतीत जवळजवळ जुळे. आपल्या दोन कुंड्यांच्या इतक्या जवळ अर्थशास्त्र क्वचितच येते. नेथनियल यंग यांनी ही तुलना करून पाहिली, तेव्हा रेषेच्या वरच्या बाजूला शाखा वाढलेल्या दिसल्या आणि स्थानिक अर्थव्यवस्थेची वाढही. त्यासाठी त्यांनी उपग्रहातून टिपलेला रात्रीच्या दिव्यांचा उजेडसुद्धा मोजला. किम फे क्रेमर यांनी हीच रेषा वापरून कुटुंबांच्या आरोग्यावरचा परिणाम पाहिला आणि तो चांगला निघाला. मात्र हे उत्तर रेषेच्या आसपासच्या जिल्ह्यांपुरते. फारच कमी बँका असलेल्या दूरच्या जिल्ह्यांबद्दल ते काही बोलत नाही.

हे सगळे काम शक्य झाले ते एका कंटाळवाण्या नोंदीमुळे. रिझर्व्ह बँक प्रत्येक शाखेचे ठिकाण आणि ती उघडल्याची तारीख नोंदवून ठेवते. आजोळची ती दोन खोल्यांची शाखाही त्या यादीत एक ओळ असणार. पण त्या ओळीवरून आमच्या गावाचा वाद मिटत नाही. नियमाने दाखवलेला परिणाम सोळा राज्यांच्या सरासरीचा. त्यात महाराष्ट्र उतरंडीच्या वरच्या बाजूचा, आणि महाराष्ट्रातले एक गाव म्हणजे आलेखावर दिसणारही नाही असा बिंदू. सडक आणि बँक आमच्याकडे दोन-तीन वर्षांच्या अंतराने आल्या. आधी कोणती आली यावरही घरात दोन मते आहेत.